तोंड दिसल्यावर नाव

माझा आवाज मोठा आहे. घरात या गुणाची कोणाला किंमत नाही. मुलगी म्हणते, "बाबा बोलत असले की फोन कशाला लागतो तेच कळत नाही." बायकोचं म्हणणं असं की मला जव्हारच्या एसटी डेपोत गाड्या पुकारायला ठेवायला हवं होतं; गावाची सोय झाली असती आणि घरात जरा शांतता नांदली असती. पण माझी नोकरी आजवर टिकली आहे ती या घशाच्या जोरावर, हे दोघी सोयीस्करपणे विसरतात.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला एक रोपवाटिका आहे. काजू-आंब्याची कलमं, मोगऱ्याची रोपं. तिथे मी सुपरवायझर. म्हणजे मला कलम बांधता येत नाही, छाटणी जमत नाही, पण कुठल्या वाफ्यावर कोणी जायचं ते ओरडून सांगता येतं. सगळी जागा उताराची. खाली पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी, मध्ये वाफे, आणि सगळ्यात वर जुन्या काजूंची ओळ. त्या झाडांच्या फांद्या कलमांना घेतात. त्या ओळीच्या मागे नुसता कडा. तिथे घर नाही, वाट नाही, गुरंसुद्धा जात नाहीत.

कामाला आसपासच्या पाड्यांवरच्या बायका. पूर्वी मी त्यांना हाक मारायचो ती अशी: "ए वरची! ए टाकीवाली! ए निळी साडी!" त्या तिकडून "कूऽऽ" करून उत्तर द्यायच्या. त्या कुकाऱ्यावरून कोण कुठे आहे ते मला कळायचं. निदान कळल्यासारखं मी दाखवायचो.

मग रोपवाटिकेच्या नव्या मॅनेजर म्हणून मॅडम आल्या. पुण्याच्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, आणि मनाने खरंच चांगल्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकून माझी बायको नेहमी त्यांच्यावर घसरते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी "ए निळी साडी" ऐकली आणि दुपारी शेडमध्ये सगळ्यांना बसवलं.

"माणसाला साडीच्या रंगाने ओळखायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीला नाव आहे. हाक नावाने मारायची, पुढे ताई म्हणायचं. काका, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे."

काका मी. सगळ्यांना मानाने बोलवायच्या नियमात माझं वयही आलं होतं, असं समजून मी मान डोलावली.

"मॅडम," बायकांतून एक आवाज आला, "नावं घ्या, बेस हाय. पण दादांचा आवाज तेवढा मोखाड्याच्या बाजारात इकून टाका. मागल्या साली यांनी हाक मारली न् आमच्या पाड्याची कोंबडी अंडी द्यायची राहिली."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. ही बोलणारी बाई पस्तिशीची. तिला मी वहिनी म्हणत असे, कारण तिचा नवरा आणि मी एकाच जीपने ये-जा करायचो. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते का, हे वाचणाऱ्याला शेवटापर्यंत कळेलच.

मॅडमना ती आवडली. ज्या बाईला सगळ्या हसून ऐकतात ती चांगली मुकादम होईल, असं त्यांनी मला सांगितलं आणि वहिनीलाही सांगितलं. मुकादम म्हणजे बाराही महिने काम. एरवी हंगाम संपला की दिवाळीनंतर वहिनीचं अख्खं घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, पोरींची शाळा सुटायची, पावसाला परत आल्यावर त्या मागच्याच वर्गात बसायच्या. थोरली हुशार होती. "यंदा मी नाय जायची," वहिनी सगळ्यांना सांगत सुटली होती. "यंदा मी अठंच. दादांवर पण हुकूम चालवीन." गणपती झाले की नेमणूक, बायका तिच्या हाताखाली नीट कामाला लागल्या म्हणजे झालं.

त्या दिवशी शेडमध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती तेव्हा कोणाच्याच लक्षात राहिली नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "मॅडम, नावाची हाक पावसात नाय जमाची."

"का? पावसात नाव भिजतं का?" मॅडमनी गमतीने विचारलं.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी. आणि वरचा माणूस हसला की आमच्याकडे बोलणारा गप्प होतो. म्हातारी गप्प झाली.

नवा नियम सुरुवातीला झकास चालला. मी शेडच्या दारात उभा राहून खड्या आवाजात नावं घ्यायचो, ताई लावायचो, मॅडम मस्टरवर खुणा करायच्या. आषाढात धुकं उतरलं तेव्हा घोटाळा झाला.

आमच्या पठारावरचं धुकं बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. ते आभाळातून येत नाही, दरीतून वर चढतं. आधी टाकी जाते, मग वाफे, मग स्वतःचे पाय. सकाळचे दहा वाजलेले असतात आणि हात पुढे केला तर बोटं कोणाची ते विचारावं लागतं. त्या दिवशी मी दारात उभा होतो. समोर पांढरं. पण बायका आहेत हे कळत होतं: खुरप्यांचे आवाज, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची सळसळ, कोणाचं तरी खोकणं.

मी पहिलं नाव पुकारलं.

खुरपी थांबली. एक नाही, सगळी. सळसळ थांबली. खोकणारी मध्येच थांबली. आणि उत्तर आलं नाही.

मी थांबलो. हळूहळू एक खुरपं सुरू झालं, मग दुसरं. मी पुढचं नाव घेतलं. पुन्हा सगळा उतार एकदम मुका झाला. जणू माझ्या घशाला कोणीतरी बटण जोडलं होतं. मी नाव घेतलं की तिकडे सगळं बंद. मॅडमच्या हातातलं पेन तसंच वर.

"काका, आज कोणीच आलं नाही का?"

"आल्यात की. आत्ता आवाज येत होता ना."

"मग ओ का देत नाहीत?"

मला काय ठाऊक. मी आणखी जोर लावला. नाव, शांतता. नाव, शांतता. मानेवर धुक्याचं पाणी साचून पाठीत उतरत होतं. शेवटी मी वहिनीचं नाव घेतलं, अगदी ताई लावून, पोटातून.

"ओऽऽ!"

लगेच. वरून, जुन्या काजूंच्या मागून. तिचाच आवाज, शेवटी हसू दाबल्यासारखा.

"बघा," मी खूश होऊन मॅडमकडे वळलो, "एक तरी शहाणी निघाली."

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मी वळलो. शेडच्या मागच्या दारात वहिनी उभी होती. हातात दोन बादल्या, टाकीवरून भरून आणलेल्या. काठोकाठ भरलेल्या त्या बादल्यांतलं पाणी जरासुद्धा हलत नव्हतं.

तिने बादल्या खाली ठेवल्या. "मी अठं हाय," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

बायका एकेक करून धुक्यातून खाली आल्या. डबे उचलले, वहिनीला वळसा घालून गेल्या.

मॅडम म्हणाल्या, प्रतिध्वनी असेल. मी म्हटलं, असेल. पण मी हाक मारली ती नावाची, आणि परत आला तो "ओ". कडा एवढा सुशिक्षित कधीपासून झाला, हे मात्र मी विचारलं नाही. "परत ओरडून बघा, काका," त्या म्हणाल्या. "तुमचंच नाव घेऊन." आणि ज्या घशाने आयुष्यात मला कधी दगा दिला नाही, तो नेमका तेव्हा बसला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या, पण वहिनी ज्या ओळीत बसली ती ओळ रिकामी झाली. तिने कलमाचा चाकू पुढे केला तर कोणी हातात घेईना. तिने तो जमिनीवर ठेवला, तरी उचलेना. भांडण नाही, शिव्या नाहीत. उलट तिच्याशी सगळ्या नको तेवढ्या हळू आवाजात बोलायच्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. ती दोन-चार दिवस चेष्टा करत राहिली. "आता तर माझी दोन-दोन माणसं कामाला, मॅडम, मस्टरवर दोनदा लिवा," असंही म्हणाली. कोणी हसलं नाही. मग ती यायची बंद झाली.

मॅडम अस्वस्थ होत्या. ज्या बायका तिच्या हातचा चाकू घेत नाहीत त्या तिच्या हाताखाली काम कशा करणार? गणपती जवळ येत होते. जीपमध्ये तिच्या नवऱ्याने मला सांगितलं, भट्टीचा माणूस घरी येऊन गेला. मी ते मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एकदम उठल्या. "चला, काका. तिच्या घरी जाऊ."

पाड्यावर पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं. वहिनीची सासू ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. वहिनी आत, भिंतीला टेकून. थोरली पोर तिला दोनदा "आये" म्हणाली, पण ती इतक्या उशिरा वळली की आपल्यालाच बोलवतात का याचा तिने आधी विचार केला असावा, असं वाटलं. मला बघून ती टोमणा मारेल म्हणून मी तयारीत होतो. तिने नुसती मान हलवली. खरं सांगतो, धुक्यातल्या त्या "ओ"पेक्षा मला याचं जास्त भय वाटलं.

मॅडम खाली जमिनीवर बसल्या. सासूला म्हणाल्या, "आजी, मी नावाने बोलवायला सांगितलं ते मान म्हणून. माझं काय चुकलं ते मला सांगा. मी हसणार नाही."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "चुकलं नाय, बाय. नाव घ्यावाच. नाव त्याच्यासाठीच तर ठेवतात. पण तोंड दिसल्यावर. धुक्यात नाव टाकलं, तं ज्याचं हाय तो ऐकल, न् त्याच्या मागं उभा असल तो बी ऐकल. म्हणून धुक्यात आमी कू करतो. कू कोणाचीच नसते. ती कोणी नेली तरी काय जातं?"

मॅडमनी ओट्यावर सांडलेले दोन दाणे उचलून सुपात टाकले. मग म्हणाल्या, "आमच्या घरी आजारी माणसाचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. माझी आजी घेऊ द्यायची नाही." एवढंच. म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"मग आता?" मॅडमनी विचारलं.

"ज्यानं नाव टाकलं त्यानंच उचलाचा. त्याच जागी, तशाच धुक्यात. कू करून बोलवायचं. तोंड दिसल्यावर, अगदी जवळ, हळू नाव घ्यायचं. तिनं ओ दिली म्हणजे झालं. बायका बी बघतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरीसुद्धा. मी खाकरलो. "माझा घसा..." म्हटलं.

"दादा," भिंतीकडून वहिनी म्हणाली, "एवढीच एक वस्तू होती तुमच्याकडं."

लगेच तिने पुन्हा भिंतीला डोकं टेकलं, पण मला जरा बरं वाटलं.

धुक्याने यायला वेळ लावला नाही. त्या सकाळी मी वाफ्यांच्या मधल्या वाटेवर, जुन्या काजूंच्या अलीकडे उभा राहिलो. मॅडम माझ्या शेजारी. त्यांनी हट्टच धरला होता. बायका मागे कुठेतरी बसलेल्या, दिसत नव्हत्या, श्वास घेतलेला तेवढा कळत होता. ठरलं होतं असं की वहिनी खालून येईल, टाकीच्या बाजूने. मी हलायचं नाही. हाकेला जो येईल त्याला येऊ द्यायचं.

मी कू केली. आयुष्यात इतकी वाईट कू कोणी केली नसेल, म्हाताऱ्या कोंबड्यासारखी. मागे कोणीतरी नाक दाबून हसलं, आणि मी त्या हसणारीचा जन्मभर ऋणी आहे.

खालून उत्तर आलं. "कूऽऽ."

आणि वरून. "कूऽऽ."

मॅडमनी माझी बाही धरली. मी पुन्हा कू केली. पुन्हा दोन्हीकडून. दोन्ही आवाज सारखे, दोन्ही सारख्याच अंतरावर. मग वरच्या बाजूला ओल्या पानांवर पावलं वाजली. सावकाश, उतारावर बाई उतरते तशी, टाच रोवून. धुक्यात एक आकार दाट झाला. डोक्यावरून मेणकापड घेतलेला, बायका पावसात घेतात तसं. तो चार वाफ्यांच्या पलीकडे थांबला.

ओळखीच्या माणसाला बघितलं की माझ्या जिभेला राहवत नाही. बाजारात माणूस दिसला की मी रस्त्यापलीकडून नाव घेतो. बायको त्यावरूनच मला बोल लावते. तो आकार तिच्याएवढा होता, तिच्यासारखाच एका कमरेवर भार देऊन उभा होता. वहिनीचं नाव माझ्या जिभेवर आलं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तो आकार वाट बघत होता, हे मला पक्कं जाणवलं. हाकेची वाट बघणाऱ्या माणसाची मान किंचित पुढे येते ना, तशी त्याची आली होती.

पण तोंड दिसत नव्हतं. मेणकापडाच्या आत नुसतं पांढरं होतं.

मी दात आवळले. ओरडण्यासाठी पगार घेणाऱ्या माणसाने तोंड मिटून उभं राहणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. छातीत दुखायला लागलं.

"तकडं काय बघतांव, दादा?"

मागून. अगदी कानाशी. मी वळलो. वहिनीचं तोंड, ओलं, दमलेलं, नाकावर घाम, पापण्यांना धुक्याचे थेंब. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी तिचं नाव घेतलं, हळू. आमच्या घरातल्यांनी ते ऐकलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

तिने पदराने पापण्या पुसल्या. मग म्हणाली, "ओ."

पुन्हा वर बघितलं तेव्हा तिथे धुकं होतं. बुजगावण्याचा खांब असेल. वर बुजगावणं कधी लावलं होतं का, ते मी कोणाला विचारलं नाही. परतताना मॅडमनी विचारलं, "काका, समोर कोणी उभं होतं का?"

"तुम्हाला काय दिसलं?"

"मी आधी विचारलंय."



बायकांनी मात्र जे बघायचं ते बघितलं होतं. नाक दाबून हसणारीनेच पहिल्यांदा वहिनीच्या हातून चाकू घेतला. मॅडमनी पुन्हा सगळ्यांना शेडमध्ये बसवलं, पण या वेळी बोलल्या कमी. प्रत्येकीला विचारलं, तुला कसं बोलवायचं. एक म्हणाली, नुसतं नाव, ताई नको, सरकारी वाटतं. एकीला थोरल्या पोरीची आई म्हटलेलं आवडायचं. कोपऱ्यातल्या म्हातारीला विचारायला त्या स्वतः तिच्यापाशी जाऊन बसल्या. आणि एक निळी साडीवाली म्हणाली, "मला निळी साडी चालल, दादा म्हणतात तेव्हा हसू येतं." यावर मी मॅडमकडे बघितलं नाही, पण छाती थोडी फुगलीच.

धुक्याच्या दिवशी आता मस्टर असं होतं: मुकादम, म्हणजे आता वहिनीच, वर उभी राहून कू करते, उतारावरून एकेक कू येते, मग बायका शेडपाशी येतात आणि मॅडम प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून तिचं नाव घेतात. वेळ जातो. जाऊ दे. शेवटची कू येऊन गेल्यावर मुकादम लगेच खाली येत नाही. थोडी थांबते. आम्ही सगळेच थांबतो, मॅडमचं पेनही थांबतं. कधीकधी काजूंच्या मागून आणखी एक येते. मस्टरवर कोणी काही लिहीत नाही.

दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक आला. पाड्यावरून माणसं, भांडी, कोंबड्या चढल्या. वहिनीचा नवरा एकटाच गेला. ती रोपवाटिकेच्या फाटकाशी उभी राहून ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत होती. तिच्या पोरी तेव्हा शाळेत होत्या. लख्ख ऊन, दूरवरचे डोंगर मोजता येतील इतकी हवा स्वच्छ. मला शेडमध्ये पिशव्यांचा गठ्ठा सापडत नव्हता, आणि जुन्या सवयीने मी दारातून ओरडलो. नाव घेऊन. पोटातून.

तिने ऐकलं, हे तिच्या खांद्यांवरून कळलं. पण तिने ओ दिली नाही. ती वळली आणि चढण चढायला लागली. तिचं तोंड मला तेवढ्या लांबूनही दिसत होतं, तरीही ती चालत राहिली. वर काजूंच्या ओळीत पाखरं ओरडत होती ती गप्प झाली. मी दारात उभा, ती येईपर्यंत हलायची हिंमत नाही.

ती माझ्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. माझ्या खांद्यावरून एकदा वर, काजूंकडे बघितलं.

"ओ," ती म्हणाली. "काय हरवलं, दादा?"